पीव्ही ६५०५ ॲम्पवर मेटलचा रिदम टोन: घरी भारी, बँडमध्ये गायब

खालचा_सा | पुणे

नमस्कार मंडळी. इतके दिवस वाचनमात्र होतो, धागा पहिल्यांदाच काढतोय, सांभाळून घ्या.

मावसभाऊ अमेरिकेतून कायमचा परत आला, त्याच्या सामानातून पीव्ही ६५०५ हेड (स्पीकर नसलेला, ट्यूबवर चालणारा गिटार ॲम्प) आलंय. सेकंडहँड, १२० व्होल्टवालं. कॅबिनेट इथेच सुताराकडून करून घेतलं, ४ बाय १२, आत बारा इंची चार सेलेस्चन व्हिंटेज ३० स्पीकर. गिटारच्या ब्रिजला ईएमजी ८१ पिकअप, ट्यूनिंग ड्रॉप सी (सगळ्यात जाड तार ई ऐवजी खाली सी वर), तारा १०-५२ (जाडी, इंचाच्या हजाराव्या भागांत).

घरी लावला की असा आवाज येतो की दुसरं काही नको. जॅमरूममध्ये नेला की ड्रम सुरू झाल्या झाल्या माझी गिटार गायब. खाली काहीतरी बदबदतंय एवढंच कळतं. पाम म्यूट करून (तळव्याची कड तारांवर टेकवून) सलग सिक्स्टीन्थ (एका मात्रेत चार ठोके) वाजवल्या तर एकही ठोका सुटा ऐकू येत नाही. व्हॉल्यूम वाढवला की बासिस्ट चिडतो, कारण मग तोही गायब होतो.

लीड चॅनेलवर आहे. प्री (डिस्टॉर्शन किती ते) ७, लो ८, मिड २, हाय ७, रेझोनन्स (खालचा घुमारा) ८, प्रेझेन्स (वरची धार) ८. पोस्ट (आवाज) घरी १ च्या आसपास, जॅमरूममध्ये ३. मध्ये पेडल वगैरे काही नाही, सरळ केबल.

काय चुकतंय? की ट्यूब गेल्यात? बदलायच्या असतील तर पुण्या-मुंबईत कुठे मिळतील?


घाटकोपर_ग्राइंड | मुंबई

मिड २!!

भावा, गिटार राहते मिडमध्ये. तू मिड काढून टाकलेस आणि वर विचारतोयस गिटार कुठे गेली. लो ८ आणि रेझोनन्स ८ म्हणजे बास आणि किक ड्रमच्या हद्दीत सरळ घुसखोरी, तिथे तुझं कोणी ऐकणार नाही.

आत्ताच्या आत्ता मिड ६, लो ४, रेझोनन्स ४, प्री ४. आणि घरी ऐकून "पातळ झाला राव" म्हणत परत फिरवू नकोस.

ट्यूब ठीक असणार. आवाज आवडला नाही की सगळे आधी ट्यूबवरच संशय घेतात.


सातवी_तार | ठाणे

ग्राइंडभाऊंना +१, पण घरी तो टोन चांगला का वाटतो तेही सांगायला हवं, नाहीतर हा माणूस पुन्हा तिथेच येईल.

आपला कान हळू आवाजात खर्ज आणि वरची धार कमी ऐकतो, मधला भाग मात्र नीट ऐकतो. बेल लॅब्जच्या फ्लेचर आणि मन्सन या दोघांनी १९३३ मध्ये हे मोजून आलेख काढले. घरी पोस्ट १ वर असताना तू लो आणि प्रेझेन्स वाढवून कानाची ती कमतरता भरून काढतोस. जॅमरूममध्ये आवाज मोठा झाला की कानाला भरपाईची गरज उरत नाही, पण तुझे नॉब तिथेच असतात. मग खर्ज दुप्पट वाटतो आणि वर कर्कश फिझ. त्यामुळे घरचं सेटिंग घरीच ठेव. बँडच्या आवाजात, बँडसोबत वाजवत असताना नॉब फिरव. एकटं वाजवून मेटलचा रिदम टोन ठरवताच येत नाही.

दुसरं, तारा. ५२ ची तार ड्रॉप सीला फार ढिली. नेहमीच्या ई ट्यूनिंगमध्ये ४६ च्या तारेवर सुमारे साडेसतरा पौंड ताण असतो, तुझ्या ५२ वर सी लावल्यावर सुमारे १४ उरतो. पिक मारल्यावर सूर आधी वर चढतो आणि मग जागेवर येतो. तू ज्याला बदबद म्हणतोयस त्यातला थोडा भाग ॲम्पपर्यंत पोचायच्या आधीच झालेला आहे. ११-५६ लाव, हात जड असेल तर ६० पर्यंत जा. ट्रस रॉड (गिटारच्या मानेतली सळई) आणि इंटोनेशन (मानेवर सगळीकडे सूर जुळणं) पुन्हा बघावं लागेल, आणि नटची (मानेच्या टोकाच्या पट्टीची) खाच जाड तारेला पुरते का तेही.

पिक कोणतं आहे?


खालचा_सा

पिक ०.७३. का?


सातवी_तार

वाटलंच होतं. १ मिमीच्या वरचं घे. वाकणारं पिक ठोका उशिरा देतं, आणि आधीच ढिल्या तारेवर ते लगेच कळतं.


सोल्डरकाका | डोंबिवली

टोनचं नंतर, आधी विजेचं बोलू. कारण त्याबद्दल कोणी विचारलेलं नाही आणि जीव त्यातच जातो.

१२० व्होल्टचं हेड आपल्या २३० वर लावायला स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर लागतो. प्रवासाच्या बॅगेत मावणारे हलके कन्व्हर्टर इथे कामाचे नाहीत. लोखंडी गाभ्याचा, जड, किमान ७५० व्हीएचा घ्या, १ केव्हीए मिळाला तर उत्तम. बऱ्याच ट्रान्सफॉर्मरवर आउटपुटला दोन पिनांचं सॉकेट असतं, तिथे अर्थिंग तुटतं. तीन पिनांचं लावून घ्या आणि अर्थ खरंच पोचतो का ते मीटरने बघा. अमेरिकी ट्रान्सफॉर्मर ६० हर्ट्झच्या हिशोबाने बनलेला असतो, आपल्या ५० वर तो थोडा जास्त तापतो. मागची बाजू भिंतीला चिकटवू नका.

ट्यूबच्या फिलामेंटला ६.३ व्होल्ट लागतात, १० टक्के इकडेतिकडे चालतं. तुमच्याकडे रात्री लाइन २५० पर्यंत चढत असेल तर स्टेपडाउन १२० ऐवजी १३० देणार आणि फिलामेंटवर ६.८ च्या वर जाणार. म्हणजे मर्यादेला टेकलात. स्टेपडाउनच्या आधी स्टॅबिलायझर असलेला बरा.

आणखी एक. स्पीकर जोडल्याशिवाय हेड सुरू करायचं नाही. हेड ते कॅबिनेट ही केबल स्पीकरचीच हवी, गिटारची नाही. जॅक दोन्हींचा सारखाच असतो, त्यामुळे घोळ होतो. एका जॅमरूममध्ये (नाव घेत नाही) माझ्याकडे दुरुस्तीला आलेल्या हेडचा आउटपुट ट्रान्सफॉर्मर असाच जळाला होता. गिटार केबलची बारीक तार तापून तुटली, लोड गेला, वाजवणारा वाजवतच राहिला.

तुमच्या कॅबिनेटचे ओहम किती? मागच्या सिलेक्टरवर तेच ठेवलेत ना?

आता टोन.

६५०५ च्या लीड चॅनेलमध्ये १२एएक्स७ चे टप्पे एकामागून एक आहेत. १२एएक्स७ म्हणजे आमच्या रेडिओच्या जमान्यातला ईसीसी८३, बंगळूरच्या बीईएलचे आम्ही वापरायचो. प्रत्येक टप्प्यात सिग्नल वाढतो आणि कापला जातो. तुमचे लो, मिड, हाय हे तीन नॉब हे सगळं होऊन गेल्यावर येतात. तुम्ही लो ८ वरून ३ वर आणलात तर बाहेर पडणारा खर्ज कमी होईल, पण त्या खर्जाने आत जो गोंधळ घालायचा तो आधीच घातलेला असतो. भात शिजल्यावर खडे वेचण्यातला प्रकार.

हा गोंधळ कसला ते सांगतो. जाड तारेवर पाम म्यूट मारलात की सुरुवातीचा दणका हा सिग्नलमधला सगळ्यात मोठा झटका. तो पहिल्या टप्प्यांत पूर्ण शिरला की पुढच्या ट्यूबची ग्रिड करंट ओढू लागते, मधला कपॅसिटर चार्ज होतो, ट्यूबचा बायस (ग्रिडवरचं ठरलेलं व्होल्टेज) सरकतो. तो जागेवर यायच्या आत तुमचा पुढचा ठोका येतो. सिक्स्टीन्थ सुट्या ऐकू येत नाहीत त्या यामुळे. याला ब्लॉकिंग डिस्टॉर्शन म्हणतात. लो नॉब कितीही फिरवा, यावर त्याचा अधिकार चालत नाही.

तेव्हा खर्ज ॲम्पच्या आधी कापायचा, आणि डिस्टॉर्शन झाल्यावर हवा तेवढा परत घालायचा. ॲम्पच्या आधी ट्यूब स्क्रीमर नावाचं ओव्हरड्राइव्ह पेडल लावतात ते खरं तर यासाठी. पुष्कळ जणांना वाटतं की डिस्टॉर्शन वाढवायला लावतात.


घाटकोपर_ग्राइंड

काका आले म्हणजे धागा वाखुसा (वाचनखूण साठवा). 🙏

ट्यूब स्क्रीमरचं सेटिंग सगळ्यांना पाठ आहे: ड्राइव्ह शून्य, लेव्हल फुल, टोन मध्यावर. पण ड्राइव्ह शून्य असताना तो नेमकं करतो काय, हे मला आजवर कोणी धड सांगितलेलं नाही.


सोल्डरकाका

सांगतो, सर्किट सोपं आहे. ट्यूब स्क्रीमरचा टीएस८०८ घ्या किंवा टीएस९, हा भाग दोन्हींत एकच.

ऑपॲम्पच्या एका पायापासून ग्राउंडकडे ४.७ किलोओहमचा रेझिस्टर आणि ०.०४७ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर सिरीजमध्ये आहेत. या जोडीचा हिशोब केला की ७२० हर्ट्झ येतात. त्याच्या वर गेन मिळतो, खाली तो उतरत जातो आणि अगदी खाली जेमतेम १ पट राहतो, म्हणजे आला तसा गेला. ड्राइव्हचं पॉट शून्यावर नेलंत तरी फीडबॅकमध्ये ५१ किलोओहम राहतोच. ५१ भागिले ४.७, अधिक १, म्हणजे सुमारे १२ पट. तुमची ड्रॉप सीची तार ६५ हर्ट्झवर आहे. तिच्या मूळ सुराला जेमतेम दीड पट आणि पिकच्या टकटकीला १२ पट. पुढे वरची धार बोथट करणारा एक फिल्टर आहे, त्यामुळे फिझही दबते. मधे उंचवटा उरतो.

मग लेव्हल फुल करून हा मधला भाग ॲम्पच्या तोंडावर जोरात मारायचा. ॲम्पचा प्री तेवढ्या प्रमाणात खाली आणायचा, हे लोक विसरतात. प्री ७ ठेवून वर बूस्ट लावला तर नुसती शिट्टी वाजेल. ३ ते ४ पुरे.

बॉसचा एसडी-१ ओव्हरड्राइव्ह स्वस्तात मिळतो, काम जवळपास तेच करतो. टीएसच्या नावाला भुलून जास्त पैसे घालवू नका.


नागपुरी_नॉब | नागपूर

काका, माझ्याकडे मेसाचा मार्क फाइव्ह ॲम्प आहे. तुमचं वाचून लो-मिड-हाय सगळं मधे ठेवलं, समोर ट्यूब स्क्रीमर लावला. ॲम्प असा चोंदला की विचारू नका. काहून बरं? नॉब तर तेच आहेत ना.


सोल्डरकाका

नावं तीच आहेत, पण सर्किटमधली त्यांची जागा वेगळी.

मार्क मालिकेत ट्रेबल, मिडल, बास हे नॉब पहिल्या टप्प्यानंतर लगेच येतात, खरं डिस्टॉर्शन त्यांच्यानंतर होतं. तिथे बास ५ वर म्हणजे सगळा खर्ज ढकलून डिस्टॉर्शनमध्ये पाठवणं. मार्कवर बास १, फार तर २. ट्रेबल ७ च्या आसपास, कारण ट्रेबल वाढवलं की पुढच्या टप्प्यांना सिग्नल जास्त मिळतो, तो जवळजवळ दुसरा गेन नॉबच आहे. असं ठेवून वाजवलंत तर आवाज खरखरीत, रोडका येईल. घाबरू नका. आता पाच पट्ट्यांचा ग्राफिक इक्वलायझर चालू करा. ८०, २४०, ७५०, २२०० आणि ६६०० हर्ट्झ. ८० ची पट्टी वर, ७५० ची खाली, ६६०० ची थोडी वर. कापलेला खर्ज आता परत आला, पण स्वच्छ आला, कारण तो डिस्टॉर्शनमधून गेलाच नाही.

याच मालिकेतला मार्क टू सी प्लस ज्यामुळे गाजला तो मेटालिकाचा १९८६ च्या अल्बमवरचा टोन या रचनेतून येतो. वरचे पाच फेडर लोक फोटोत बघतात आणि व्हीचा आकार नक्कल करतात. खालचा बास नॉब जवळजवळ बंद आहे हे कोणी बघत नाही.

तुम्हाला ट्यूब स्क्रीमर लागणारच नाही. खर्ज कापायची सोय ॲम्पमध्येच आहे.


घाटकोपर_ग्राइंड

थांबा थांबा. मी याला मिड वाढव म्हणून ओरडतोय आणि काका ७५० खाली ओढायला सांगतायत. मग खरं काय?


सातवी_तार

दोन्ही खरं. मिड म्हणजे काही एक बिंदू नाही.

७५० ओढलं तरी २२०० जागेवर असतं, आणि गिटारची धार, पिकचा आवाज, रिफ कळणं हे सगळं तिकडे. व्हिंटेज ३० स्पीकरचा स्वतःचा उंचवटाही २ ते ३ हजारच्या पट्ट्यात आहे. मार्शल पद्धतीच्या टोन स्टॅकमध्ये (६५०५ त्याच घराण्यातला) मिड नॉब शून्याकडे नेलास की फार रुंद पट्टा खचतो. सगळे नॉब ५ वर असले तरी मधे खड्डा असतोच, तिथे ५ म्हणजे सपाट नव्हे. त्यामुळे ६५०५ वर मिड ६ ठेवणं हे खड्डा थोडा बुजवणं झालं. त्याची मार्कच्या बारीक पट्टीशी तुलना नको.

शिवाय तो अल्बम स्टुडिओत एकावर एक ट्रॅक चढवून झालाय. तुझ्याकडे जॅमरूममध्ये एक गिटार, एक ड्रमर आणि चिडलेला बासिस्ट आहे.


मॉडेलर_मावळा | पिंपरी

एवढा उपद्व्याप कशाला? स्टेपडाउन, स्टॅबिलायझर, २० किलोच्या वर हेड, ४ बाय १२. मी मॉडेलर (ॲम्पची डिजिटल नक्कल करणारा डबा) पाठीवर टाकून दुचाकीवरून जातो, थेट मिक्सरमध्ये. १२० वॉट ट्यूब ही हौस आहे, गरज नाही. आणि पॉवर ट्यूब तापल्याशिवाय ट्यूबची मजा नाही असं लोक म्हणतात, मग १२० वॉट तापवणार कुठे, पर्वतीवर?


घाटकोपर_ग्राइंड

आला हा. प्रत्येक धाग्यावर येतो.


सोल्डरकाका

येऊ द्या हो, प्रश्न चांगला विचारलाय त्यांनी.

पॉवर ट्यूब तापवायची गोष्ट ब्लूज आणि जुन्या रॉकची. मेटल रिदमसाठी डिस्टॉर्शन प्रीॲम्पमध्ये होतं आणि पॉवर ॲम्प जमेल तितका स्वच्छ राहावा असं वाटतं. पाम म्यूटच्या दणक्याला क्षणभर भरपूर वॉट लागतात, ते मिळाले नाहीत की ठोका दबतो. चार ६एल६ पॉवर ट्यूब आणि १२० वॉट आहेत ते याकरता. मोठ्या आवाजाचं म्हणाल तर ६० वॉट आणि १२० वॉट यांत फरक फक्त ३ डेसिबलचा.

मेसाच्या ड्युअल रेक्टिफायरमध्ये हीच निवड स्विचवर दिलेली आहे. ट्यूब रेक्टिफायर लावला की व्होल्टेज दणक्याला थोडं बसतं, डायोडवर टाकलं की ताठ राहतं. मेटलवाले बहुतेक डायोडवर ठेवतात. त्याच्या मॉडर्न मोडमध्ये निगेटिव्ह फीडबॅक काढून टाकलेला असतो, म्हणून खर्ज मोकाट सुटतो. रेक्टिफायरच्या तोंडाशी बूस्ट हवाच अशी पद्धत पडली ती त्यामुळे.

तुमच्या मॉडेलरमध्ये ६५०५ चं मॉडेल असेल ना? त्याच्या आधी ट्यूब स्क्रीमरचा ब्लॉक ठेवता का?


मॉडेलर_मावळा

ठेवतो. ड्राइव्ह शून्य. 😐


सोल्डरकाका

मग आपलं भांडण नाहीच.


गोथेनबर्गकर | स्वीडन

कामानिमित्त इथे असतो, धागा वाचून राहवलं नाही. स्वीडनमध्ये याच्या बरोबर उलटंही एक घराणं आहे. बॉस एचएम-२, हेवी मेटल नावाचं काळं पेडल, १९८३ ते १९९१ बनत होतं. चार नॉब, चारही पूर्ण उजवीकडे. स्टॉकहोमच्या सनलाइट स्टुडिओत टोमस स्कोग्सबर्ग आणि एन्टूम्ड यांनी १९९० मध्ये त्यावर डेथ मेटलचा एक अख्खा प्रकार उभा केला. टाइट वगैरे काही नाही, करवत चालल्यासारखा सलग आवाज, आणि तेच हवं असतं. बॉसने २०२० मध्ये ते पेडल नव्याने काढलं. तेव्हा 'खर्ज आधी काप' हा नियम तुम्हाला सुटा ठोका हवा असेल तर. सगळ्यांना तो नको असतो.

दुसरी इथलीच गोष्ट, रेकॉर्डिंग करणाऱ्यांसाठी. गोथेनबर्गच्या स्टुडिओ फ्रेडमनवरून नाव पडलेली मायकिंगची पद्धत. दोन शुअर एसएम५७, एकाच स्पीकरवर, तोंडं एकमेकांना लागून. एक सरळ डस्ट कॅपच्या कडेकडे, दुसरा साधारण ४५ अंशात तिरका. सरळ माइक धार देतो, तिरका ती मऊ करून अंग भरतो. दोघांच्या फेडरवर टोन ठरतो, ॲम्पला हात लावायची गरज पडत नाही. तोंडं पुढेमागे झाली तर फेज बिघडून आवाज पोकळ होतो.


सातवी_तार

एका माइकवाल्यांसाठी भर घालते. जाळीच्या कापडामागे डस्ट कॅप दिसत नाही म्हणून लोक अंदाजे माइक ठेवतात. मोबाइलची टॉर्च कापडाला जवळजवळ टेकवून तिरकी धरा. मधला गोल घुमट आणि त्याची शिवण उजळते. त्या शिवणीवर माइक आणा आणि हेडफोन लावून कोणाला तरी तो बोटभर आत-बाहेर सरकवायला सांगा. केंद्राकडे गेलं की फिझ वाढते, कडेकडे गेलं की मंद होतं. बोटभर अंतरात जेवढा बदल होतो तेवढा प्रेझेन्सच्या पूर्ण फेरीत होत नाही. आधी माइक हलवावा, मग नॉब.

आणि रेकॉर्डिंगला गेन लाइव्हपेक्षाही कमी ठेवा. डावीकडे एक, उजवीकडे एक असे दोन वेगळे टेक वाजवले की डिस्टॉर्शन आपोआप दाट वाटतं. एकच टेक कॉपी करून दोन्हीकडे टाकला तर तो मधेच ऐकू येतो, रुंदी मिळत नाही.


खालचा_सा

मंडळी, काल जॅम झाला. आधी काकांना उत्तर: कॅबिनेट १६ ओहम, सिलेक्टरही १६ वर. स्टेपडाउन १ केव्हीएचा, सॉकेट तीन पिनांचं करून घेतलं, अर्थ मोजला.

तारा ११-५६, पिक १.१४. समोर एसडी-१, ड्राइव्ह शून्य, लेव्हल जवळजवळ फुल. प्री साडेतीन, लो ४, मिड ६, हाय ५, रेझोनन्स ५, प्रेझेन्स ५, पोस्ट ३. ड्रमर पहिल्या गाण्यानंतर थांबून म्हणाला, आज तू काय वाजवतोयस ते पहिल्यांदा कळलं. यात कौतुक किती आणि टोमणा किती ते माहीत नाही.

दोन शंका. प्री इतका खाली आणूनही थांबलो की हिस्स ऐकू येतो. आणि रेझोनन्स ग्राइंडभाऊंनी ४ सांगितला होता, मला ५ च्या खाली आवाज पोकळ वाटला.


घाटकोपर_ग्राइंड

रेझोनन्स ५ चालेल, बासिस्टचं लग्न मोडलं नाही म्हणजे झालं. मिक्सरवाला तसाही तुझ्या गिटारचं ८० ते १०० हर्ट्झच्या खालचं सगळं कापतो, तिथे बास बसवायचा असतो. रेझोनन्सचं सुख स्टेजवर तुझ्या पोटरीला, पब्लिकला नाही.


सोल्डरकाका

रेझोनन्स ५ का लागला ते असं: तो नॉब पॉवर ॲम्पच्या फीडबॅकमध्ये आहे, स्पीकर-कॅबिनेटच्या स्वतःच्या घुमण्याच्या जागी काम करतो. तुमचं कॅबिनेट सुताराकडचं, त्याची घुमण्याची जागा वेगळी. दुसऱ्याचा आकडा तुम्हाला लागू होत नाही. कानाने ठेवलंत तेच बरोबर.

हिस्ससाठी नॉइज गेट (वाजवणं थांबलं की आवाज बंद करणारं पेडल). बॉस एनएस-२ असेल तर नुसता ॲम्पसमोर लावू नका. गिटार एनएस-२ च्या इनपुटला, त्याच्या सेंडमधून एसडी-१, तिथून ॲम्प. ॲम्पच्या इफेक्ट लूपचा (प्रीॲम्प आणि पॉवर ॲम्प यांच्या मधली जोडणी) सेंड एनएस-२ च्या रिटर्नला आणि एनएस-२ चं आउटपुट लूपच्या रिटर्नला. असं केलं की गेट गिटारचा स्वच्छ सिग्नल ऐकून निर्णय घेतो आणि दार मात्र प्रीॲम्पच्या नंतर बंद करतो, जिथे हिस्स तयार झालेला असतो. थ्रेशोल्ड इतकाच ठेवा की ठोक्याच्या शेपट्या कापल्या जाणार नाहीत.

हिस्ससोबत टिणटिण किंवा शिट्टी येत असेल तर पहिली ट्यूब मायक्रोफोनिक असू शकते. ॲम्प चालू ठेवून पेन्सिलीच्या रबराकडच्या टोकाने एकेक १२एएक्स७ हलकेच टकटकवा. जी स्पीकरमधून घंटेसारखी वाजेल ती बदला. तेवढं घरी करता येतं. चेसिस मात्र उघडायची नाही. आत सुमारे ५०० व्होल्ट असतात, प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये टिकून राहतात.


नागपुरी_नॉब

काका, बास १ आणि ग्राफिक वर. झालं काम. ट्यूब स्क्रीमर विकायला काढलाय, कोणाला हवा तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.


वाचनमात्र_वैदर्भी | अमरावती

फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी काय करायचं? आमच्याकडे खालच्या काकू मिक्सर लावला तरी वर येतात.


सातवी_तार

व्हिंटेज ३० ला १ वॉट दिला तर १ मीटरवर १०० डेसिबल येतात. निवासी भागात दिवसाची मर्यादा ५५ आणि रात्रीची ४५. तेव्हा काकूंची तक्रार रास्त आहे.

लोड बॉक्स घ्या, स्पीकरच्या जागी तो जोडायचा. रिॲक्टिव्ह प्रकारचा घ्या. साधा रेझिस्टरवाला स्पीकरसारखा वागत नाही, मग रेझोनन्स-प्रेझेन्सचा परिणाम बदलतो. लोड बॉक्सचा लाइन आउट इंटरफेसमध्ये, पुढे कॅबिनेटचा इम्पल्स रिस्पॉन्स, आणि हेडफोन. इम्पल्स रिस्पॉन्स म्हणजे कोणीतरी आधीच माइक ठेवून घेतलेला ठसा, त्यामुळे टोन आवडला नाही तर आधी तो बदलून बघा. लोड बॉक्सचे वॉट आणि ओहम हेडशी जुळतात का ते तपासा.


खालचा_सा

गेट काकांच्या पद्धतीने लावला, पाच केबल लागल्या, शांतता आहे. शेवटचा प्रश्न: पॉवर ट्यूब कधी बदलायच्या, आणि बदलल्या की बायस करावा लागतो ना? या हेडवर बायसचा स्क्रू कुठे दिसत नाही.


सोल्डरकाका

नाहीच आहे. ६५०५ मध्ये बायस कारखान्यातून ठरलेला, फिरवायची सोय नाही, आणि तो थंड बाजूला ठेवलेला असतो. त्यामुळे ट्यूब बराच काळ टिकतात. चारही ६एल६ एकमेकांशी जुळवलेल्या, मॅच्ड, एकाच विक्रेत्याकडून घ्या. एखादी लाल तापताना दिसली, फ्यूज जायला लागला किंवा आवाज दबला तरच बदला, नाहीतर पैसे खर्चू नका. मुंबईत लॅमिंग्टन रोडला विचारून बघा, ऑनलाइनही मिळतात. मॅच केल्याचे आकडे डब्यावर लिहिलेले असले पाहिजेत. बदलल्यावर एकदा कोणाकडून तरी बायस मोजून घ्या.


घाटकोपर_ग्राइंड

आणि त्या ४ बाय १२ ला चाकं लाव. लॉकवाली. लिफ्ट नसलेल्या जॅमरूममध्ये तुझा बासिस्ट तुला किती मदत करतो ते कळेलच.